सत्कारमूर्ती चिन्झियाबाई

चिन्झियाबाई सौदीत आमच्या दम्मामच्या कंपाउंडमधल्या मुलांना गाणं शिकवतात. विसाव्या वर्षी त्यांचं एक पॉप गाणं इटलीत घरोघरी वाजत होतं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं, रेकॉर्ड कंपनीने करार मोडला आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या इथे आल्या. बारा वर्षं त्या स्टेजवर चढल्या नव्हत्या.

मीच मूर्ख! मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात गा म्हणून त्यांच्या मागे लागले. त्यांनी महिनाभर रियाज केला, तेच जुनं गाणं आताच्या घोगऱ्या आवाजाला झेपेल अशा खालच्या पट्टीत बसवलं.

आणि आमचे अध्यक्ष हर्षवर्धन! गाण्याआधी सत्कार नको का? शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र झालं, मग यांचं भाषण. माइक हातात आला की या माणसाला तो सोडवत नाही. चाळीस मिनिटं बोलले, तेही शुद्ध मराठीत! बाई मांडीवर नारळ घेऊन हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिल्या. शेवटी घड्याळ बघून अध्यक्ष म्हणतात, "वेळेअभावी गायन रद्द करू या, जेवण गार होतंय." सगळे ताटांकडे धावले. एकालाही लाज वाटली नाही!

त्यांना घरी सोडताना मी गाडीत रागाने धुसफुसत होते. त्यांनीच शांतपणे विचारलं, "ते एवढा वेळ काय सांगत होते?"

"तुम्ही किती छान गाता, ते," मी म्हणाले.