किल्लीची जागा

गंगाधररावांच्या शेडच्या दारात मी पहिल्याच भेटीत अडवला गेलो, तो माझ्या गळ्यातील तुळशीच्या माळेमुळे. देवघरातील समईची मधली दांडी पिचली होती. ती दुरुस्त होईल का, हे विचारण्यासाठी मी कळमनुरीहून एसटीने वारंगा फाट्यावर उतरलो होतो. धोतर, उपरणे, बोटात अंगठी आणि गळ्यात माळ अशा माझ्या वेषाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिले आणि दारात आडवा हात धरला.

“शास्त्रीबुवा, आत यायचं तर हे समदं भाईर ठेवा. उपरणं, अंगठी, माळ.”

“माळ मी स्नानालाही काढीत नाही,” मी म्हणालो.

“तुमी काढत न्हाई, पण मशीन काढती. अन् काढताना मान बी संगट नेती. तिला काय कळतंय, तुळशीची हाय का सोन्याची?”

मी तिथूनच परत फिरलो असतो; परंतु दाराबाहेरच्या खुंटीवर त्यांची स्वतःची माळ आणि लग्नातली अंगठी टांगलेली दिसली. जो नियम हा मनुष्य स्वतःच्या देवाला लावतो, तो माझ्या देवाला लावला म्हणून रागावण्याचे कारण नव्हते. मी मनातल्या मनात क्षमा मागून माळ त्या खुंटीवर ठेवली, धोतराचे सोगे कमरेला घट्ट खोवले आणि आत गेलो. “पुढच्या बारीला पायजमा घालून या,” एवढे बोलून त्यांनी वाट दिली.

हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, तेव्हाची ही हकिकत आहे. मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. गंगाधररावांची सारी नोकरी सिद्धेश्वर धरणाच्या दरवाजांना तेल-ग्रीस करण्यात आणि त्यांची यंत्रे दुरुस्त करण्यात गेली होती. बंद पडलेल्या एका कापूस-जिनिंगच्या भंगारातून त्यांनी एक लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, आणि एक लहान मिलिंग मशीन उचलून आणले, घरामागे पत्र्याची शेड बांधली आणि उरलेले आयुष्य तिथे आनंदात घालवायचे ठरवले. कुणाचे काम ते करून देत नसत. “गिऱ्हाईक आलं की ते मालक व्हतं. इथं मालक मी हाय,” असे ते ऐटीत सांगत. माझी समई पाहूनही त्यांनी हेच केले.

“मी करून देत न्हाई. तुमी करा, मी दाखवतो.”

“या वयात?”

“काहून? हात हायेत ना? डोळे हायेत ना? मग वयाला काय इचारता!”

असा मी त्यांचा विद्यार्थी झालो. दर रविवारी सकाळची पूजा आटोपून फाट्यावर जायचे, हा क्रम पुढे कित्येक वर्षे चालला. तिथे आणखी एक रविवारचे गृहस्थ येत. ते गणिताचे शिक्षक कांबळे सर. त्यांना घड्याळाची चाके कापण्याचा छंद होता, म्हणून ते बहुधा मिलिंग मशीनपाशी असत.

शिकवताना गंगाधररावांची जीभ विलक्षण चाले. बटण दाबण्याआधी चक, म्हणजे कातायचा तुकडा धरून फिरणारी चकती, हाताने एक पूर्ण वेढा फिरवून पाहावा, हा त्यांचा पहिला पाठ. “कुठं अडकत असंल तर आत्ताच हाताला कळंल. बटन दाबल्यावर समद्या गावाला कळतं.” टूलाचे, म्हणजे कातणाऱ्या हत्याराचे, टोक जॉबच्या, म्हणजे त्या तुकड्याच्या, बरोबर मध्यावर हवे, वर गेले तर नुसते घासत राहते, खाली गेले तर जॉब टूलावर चढू पाहतो. टूल धारकाच्या बाहेर जितके कमी निघेल तितके बरे. मी एकदा ते फार बाहेर काढले आणि पितळेवर बारीक लाटा उमटल्या, तेव्हा ते म्हणाले, “लांब हात करून कोन चांगलं लिवतं? मनगट टेकवून लिवता ना तुमी? तिला बी टेकू द्या.” मोजमाप घ्यायचे तर आधी यंत्र पूर्ण थांबवायचे. “धावत्या पोराची टोपी शिवायला कोन माप घेतं का?”

लोखंड कातताना निघणारा निळसर, वेटोळ्यांचा कीस पाहून मला एकदा मोह झाला आणि मी तो उचलायला बोटे पुढे केली. त्यांनी हातातला ब्रश माझ्या मनगटावर फाडकन मारला. “हे रेशीम न्हाई, वस्तरा हाय! ब्रशनं काढा, आकड्यानं काढा.” दुसऱ्या रविवारी मी मोठ्या शहाणपणाने सुती हातमोजे घेऊन गेलो. ते त्यांनी दोन बोटांत धरून कांबळे सरांना दाखवले. “सर, बघा, शास्त्रीबुवा मशीनला हात द्यायला पिशवीत घालून घेऊन येऊन राहिले!” फिरत्या यंत्रापुढे हातमोजा घातलेला हात उघड्या हातापेक्षा अधिक सहज ओढला जातो, हे मला तेव्हा कळले. सरांची खोड निराळी होती. घाई झाली की मिलिंग मशीनचा कटर ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला ते जॉब सरकवत. गंगाधरराव ओरडत, “उलट, सर, उलट! त्याच्या संगट गेलात तर तो जॉब ओढून घेईल, अन् मग तो तुमचा न्हाई, त्याचा!”

परंतु त्यांचा सर्वांत कडक नियम चकाच्या किल्लीचा होता. चकाचे जबडे आवळण्यासाठी ती किल्ली चकात घालतात. ती काढायची राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. भिंतीवरच्या फळीवर त्यांनी तिची आकृती लाल रंगाने काढून ठेवली होती. “किल्ली येक तर हातात, न्हाईतर फळीवर. तिला तिसरी जागा न्हाई,” हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकले नाही असा एकही रविवार मला आठवत नाही.

ज्याच्याकडून विद्या घेतली त्याला वंदन करावे, असे माझे संस्कार. म्हणून दर गुरुपौर्णिमेला मी नारळ घेऊन जात असे आणि वयाने धाकट्या असलेल्या त्या माणसाला नमस्कार करीत असे. ते संकोचाने दोन पावले मागे सरत. “आवो, पाप लावता का मला?” पण नारळ मात्र लेथच्या डोक्यावर ठेवून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. समई झाली, नंतर निरांजने झाली, मग गावच्या देवळासाठी एक मोठी समई करायला मी घेतली. माझी मनगटे तोवर अशक्त झाली होती. जॉब चकात धरला की किल्लीचा शेवटचा पीळ गंगाधरराव देत.

त्या रविवारी कांबळे सर आले नव्हते. देवळाच्या समईची दांडी मी चकात बसवली आणि माप घेण्याचा कॅलिपर आणायला खिडकीशी गेलो. गंगाधररावांनी किल्ली घालून जबडे आवळले. तेवढ्यात त्यांचा मुलगा सुभाष दारात आला. तो ट्रक चालवीत असे आणि फार दिवसांनी फेरीवरून परतला होता. त्याला पाहताच गंगाधररावांचा चेहरा उजळला. “आरं ये, ये! शास्त्रीबुवांची करामत बघ,” म्हणत त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि त्याच्याकडे पाहत, हसत हसत, डाव्या हाताने बटण दाबले.

मी खिडकीशी उभा होतो. चकात उभी राहिलेली किल्ली मी पाहिली. तोंडातून शब्द निघण्याआधी ती सुटली होती.

नांदेडच्या दवाखान्यात शांताबाई वहिनी पोहोचल्या, तेव्हा सुभाषला आत नेलेले होते. मी आणि गंगाधरराव बाकावर बसलो होतो. दोघांच्याही कपड्यांवर त्याचे रक्त होते. वहिनींनी नवऱ्याचे दोन्ही खांदे धरून विचारले, “कसं झालं वो हे? तुमी तर किल्लीवर इतका जीव टाकता!”

गंगाधरराव खाली पाहत म्हणाले, “शास्त्रीबुवांनी किल्ली काढली न्हाई. मला वाटलं काढली. मी बटन दाबलं.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी गंगाधररावांकडे पाहिले. त्यांनी मान वर केली नाही.

मी त्या वेळी बोलायला हवे होते, असे वाचक म्हणेल. पण आत ज्याचा मुलगा पडला आहे अशा बापाला त्याच्या बायकोदेखत खोटे पाडणे मला अधर्म वाटले. पहिला घाव ओसरला की ते स्वतःच सांगतील, असा माझा विश्वास होता. मी ज्याला नमस्कार केला होता, तो मनुष्य ते सांगेलच. सुभाषचा डावा डोळा गेला. ट्रक सुटला. फाट्यावरच त्याने पंक्चरचे दुकान टाकले. दिवस गेले, पावसाळा गेला, आणि कुणी काही सांगितले नाही. माझे फाट्यावरचे रविवार थांबले; शेडमधून बोलावणेही आले नाही.

मग एके दिवशी कांबळे सर माझ्या घरी आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, “शास्त्रीजी, तुमच्यानं तर जबडे आवळले जात न्हाईत. मी कित्येक डाव पाहिलंय. मग त्या दिवशी किल्ली तुमच्या हातात आली कशी?”

“ते गंगाधररावांना विचारा.”

“इचारलं.”

“काय म्हणाले?”

सरांनी कप खाली ठेवला. “म्हणाले, शास्त्रीबुवांचं वय झालंय. त्यांना आठवत न्हाई, त्यांना बोलू नका.”

त्या क्षणापर्यंत मी त्यांच्या लेकराच्या दुःखामुळे सारे सोसत होतो. पण या वाक्यात त्यांनी माझी साक्षही काढून घेतली होती. दवाखान्याच्या बाकावर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले असते, “शास्त्रीबुवा, एवढं तुमच्या नावावर घ्या, पोराला मी तोंड दाखवू शकणार न्हाई,” तर मी ते घेतले असते. देवाची शपथ, आनंदाने घेतले असते. मागितले असते तर जे मिळाले असते, ते त्यांनी न विचारता उचलले आणि वर माझ्यावरच दया दाखवली. सर उठले, दारात थांबले, पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले आणि गेले.

काही वर्षांनी गंगाधरराव अंथरुणाला खिळल्याचे कळले. पाठोपाठ सुभाषच मला न्यायला आला. “काका, बाबा तुमची आठवण काढून राहिले. चला.” कित्येक वर्षांनी त्याने मला काका म्हटले होते. वाटेत मी मनाशी एकच प्रार्थना करीत होतो: याला आपल्या तोंडाने सांगण्याचे बळ त्यांना मिळो, माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठीच मिळो.

दुपारची वेळ होती. खोलीत वहिनी होत्या, सुभाष होता. गंगाधरराव फार लहान दिसत होते. मला पाहताच त्यांनी हात वर केला. मी तो हातात घेतला. मग त्यांनी मुलाला जवळ बोलावले.

“सुभाष,” ते म्हणाले, “शास्त्रीबुवांना माफ कर. जानून न्हाई केलं त्यांनी. माझ्यासाठी माफ कर.”

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. त्यांत भीती नव्हती, विनवणी नव्हती; एक मोठे काम उरकल्याचे समाधान होते. इतकी वर्षे तेच तेच सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते, की शेवटपर्यंत सारे आठवत असूनही ते हे बोलले, हे मला आजही कळलेले नाही. आणि यांतले कोणते अधिक वाईट, हेही कळलेले नाही.

सुभाषच्या उरलेल्या डोळ्यात पाणी आले. “केलं, बाबा,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. “काका, माझ्या मनात आता काही न्हाई.”

ती क्षमा नाकारायची, तर त्या मुलाच्या हातून त्याचा बाप काढून घ्यावा लागला असता, तोही शेवटच्या घटकेला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “सुखी राहा, बाळा.” हे शब्द मात्र माझ्या अंतःकरणातले होते.

गंगाधररावांच्या हातातला माझा हात मी हळूच सोडवून घेतला.