पंजाबीला लहान अक्षर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — ती तिकडे अकोल्याकडे, तिला फोनवर सांगितलं की सगळं गाव ऐकतं. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा.

शाळा मी आठवीत सोडली. डोंबिवलीत वहिनींच्या पोळी-भाजी केंद्रात कामाला आहे आणि राहते त्यांच्या सासूबाईंच्या खोलीत. सगळे त्यांना बाई म्हणतात, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं ना. पांघरूण, औषध, माया — काय नाही दिलं मला त्यांनी? इंग्रजीसुद्धा दिलं. समोर नवे टॉवर झालेत, म्हणून भाज्यांचा फळा इंग्रजीत लागतो. मी लिहायचा, बाईंनी तपासायचा, मग बाहेर टांगायचा.

बाईंनी सांगितलेलं — गावाच्या, देशाच्या नावावरून शब्द आला की पहिलं अक्षर कॅपिटल. पण मला वाटायचं, कॅपिटल म्हणजे अहो-जाहो. आपल्या मराठीत कुठे असतं असलं लहान-मोठं? मग वऱ्हाडी ठेच्याला मी हौसेने मोठं अक्षर द्यायची — गाववाला तो माझा! चायनीजला कशाला? आणि पंजाबी भाजी तर रोज उरायची. तिला अगं-तुगंच बरं.

बाई रोज पुसून नीट करायच्या. एके दिवशी त्या पूजेला बसलेल्या आणि मी... घाई होती? छे, कसली घाई. तेच तेच ऐकायचा कंटाळा आलेला. तसाच टांगला.

दुपारी टॉवरमधले एक पंजाबी काका आले. "मॅडम, वऱ्हाडी बडा और पंजाबी छोटा? हमने क्या बिगाडा आपका?" ते हसत होते. वहिनी नाही हसल्या. फळा चुकला तर गावी पाठवेन, असं त्या आधीच म्हणालेल्या.

"कुणी तपासला गं?"

"बाईंनी," मी म्हटलं. इतकंच.

बाई बाहेर आल्या, फळा बघितला. रोजच तपासतात — त्या दिवशी नव्हता तपासला, हे कसं आठवणार? "अगं बाई, सुटलं वाटतं माझ्याकडून."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डोळे उत्तम निघाले, आणि तिथेच घोळ झाला — म्हणजे आता डोकंच गेलं, असं त्यांनी ठरवलं. बदाम भिजवायला लागल्या. "तूही खा गं." मी खाल्ले. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता ना? — हेही खोटं. मला बदाम आवडतात.

मागच्या आठवड्यात शेजारची मुलगी नेहमीसारखी इंग्रजी शिकायला आली. बाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. "दुसरीकडे जा गं बाळा. माझ्याकडून आता चुकीचं शिकवलं जाईल."

मी आत कणीक मळत होते. कणीक केव्हाच झालेली. ती पोरगी जिना उतरून जाईपर्यंत मळत राहिले.

बाई आत आल्या. "किती राबतेस गं, दमलीस," म्हणाल्या आणि परात घ्यायला हात पुढे केला.

मी दिली.