साकीनाक्याचा येग

साकीनाक्याला आमचं तिजोऱ्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. लोखंडाचा कीस रोज संध्याकाळी झाडून निघायचा, किस्से मात्र साचत गेले. ऐंशी सालानंतरचा तो ढीग मी अजून उपसतोय. मी सातवी पास, तीही दोन वर्षांत, तेव्हा शुद्धलेखन तुम्ही शहाण्यांनी सांभाळा.

आमच्यातला शिकलेला म्हणजे कांबळे, मॅट्रिक. त्याने रद्दीतून अमेरिकेतल्या चोरांचं एक जुनं मासिक आणलं. डबा खाताना वाचून सांगायचा. "तिकडे तिजोरी फोडणाऱ्याला 'येग' म्हणतात. वरच्या मजल्यावर चढून घुसतो तो 'पोर्च क्लायंबर'."

आमचा हेड कारागीर परब म्हणाला, "काम तर आपलंच आहे रे. फक्त मालक घरी नसतो."

दुसऱ्या दिवशी कळलं, तिजोरी उडवायचं तेल ते डायनामाइट उकळून काढतात आणि त्याला 'सूप' म्हणतात. परब म्हणाला, "किल्ली हरवली की आपण घाम गाळतो, ते स्वयंपाक करतात."

कांबळेला शिडीच्या चौथ्या पायरीवर चक्कर यायची. मी लगेच पाटी रंगवली: 'कांबळे, पोर्च क्लायंबर'. बोरिवलीच्या एका गिऱ्हाइकाने ती वाचून त्याला "साहेब" म्हटलं. त्या दिवसापासून कांबळे स्टुलावर बसेना, खुर्ची मागायला लागला.

मग परबचं लग्न. चौतिशी उलटलेली. "वर्कशॉपात असतो" म्हटलं की मुलीकडचे पत्रिका परत पाठवायचे. शेवटी घाटकोपरचं एक स्थळ आलं. हे गेलं तर मी आता असाच राहणार, असं त्याने आईला मालवणला कळवलं होतं. मी गुपचूप इंग्रजीत कार्डं छापली, 'परब, येग', आणि एक मुलीकडे धाडलं. मुलीच्या वडिलांना वाटलं फॉरेनची डिग्री. त्यांनी कार्ड चाळभर फिरवलं.

बघायच्या दिवशी मी आणि कांबळे परबसोबत गेलो. इतक्यात शेजारचे रिटायर्ड मास्तर कार्ड घेऊन आले. "अहो, डिक्शनरी बघितली. येग म्हणजे तिजोरी फोडणारा चोर."

परबने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

मुलीचे वडील उठले. "आतलं लोखंडी कपाट तीन वर्षं उघडत नाही. जमेल?"

परबने दोन तारा घातल्या. पाच मिनिटांत खट्. कपाट उघडलं तसा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आमच्या धंद्यातला रिवाजच तो, मालकाचं आटपेपर्यंत कारागिराने वळायचं नाही.

वडील आतली जुनी पत्रं वाचण्यात रमले. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन परबच्या मागे येऊन उभी राहिली.

"बघून घ्या हो," मुलीची आई म्हणाली.

परब भिंतीलाच म्हणाला, "मालकाची वस्तू आम्ही बघत नाही."

मुलीने बशी खाली ठेवली. "बाबा, हेच चालतील."