ग्लेनिसने ‘नाही’ म्हटलं तो शनिवार

ग्लेनिस प्रॉसर वेल्समधल्या आमच्या पोलीस ठाण्यात सव्वीस वर्षं होती. एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे. अकरा वर्षांपूर्वीचा एक पाकीटमार तिनं बसच्या रांगेत नुसत्या कानांवरून ओळखला होता.

मग चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची गाडी आली आणि ती ठाण्यातल्याच डेलिथकडे दिली गेली. डेलिथला शेजारीण दुकानात भेटली तरी ओळखू येत नसे. पण पहिल्याच महिन्यात, गाडीनं फरारी पकडून दिले म्हणून, तिचा फोटो पेपरात आला. ग्लेनिसनं तो पेपर टेबलावर पालथा घातला.

“बघतं यंत्र, आणि हार हिच्या गळ्यात,” ती मला म्हणाली.

नियम असा, की नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून कुणाला अडवायचं नाही. आधी पोलिसानं स्वतः चेहरा पडताळून हो की नाही ते सांगायचं. ‘नाही’ म्हटलं की फोटो तिथल्या तिथे पुसायचा. साहेबांनी हे काम ग्लेनिसला दिलं. तिच्याहून तरबेज होतं कोण?

रग्बीच्या सामन्याचा शनिवार. गाडीत आम्ही तिघी. यंत्र वाजलं. पडद्यावर चिप्सचा पुडा घेतलेला एक माणूस. कोर्टाची तारीख चुकवून चार महिने फरार.

“बघ गं, सापडला!” डेलिथ म्हणाली.

ग्लेनिस पडद्याकडे बघत राहिली. “नाही. हा तो नव्हे.”

“नक्की?”

“तू मला चेहरे शिकवणार?”

डेलिथनं फोटो पुसला. माणूस गर्दीत मिसळला.

सोमवारी ग्लेनिस मला सोबत घेऊन साहेबांपुढे उभी राहिली.

“तो तोच होता, साहेब.”

“होते चूक, ग्लेनिस. माणूसच आहेस.”

“चूक नाही. पडद्यावर बघताक्षणी ओळखला. पण त्याआधी चिप्सच्या दुकानापुढच्या रांगेत तो दहा मिनिटं माझ्या शेजारी होता, तेव्हा मला कळलं नाही. आणि त्या डबड्याला कळलं! ते मला बघवलं नाही.”

साहेबांनी लेखी ताकीद देऊन तिला गाडीवरून काढलं. तो माणूस गुरुवारी आईच्या घरी सापडला. पुढे नियम बदलला: दोघांनी वेगवेगळं बघायचं, कारण लिहायचं, मगच मत द्यायचं. त्यातली एक जागा मला मिळाली.

ग्लेनिस आता हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसते. परवा चहा घेताना तिनं विचारलं, “काल किती ओळखले त्या डबड्यानं?”

“तीन.”

“चुकीचे?”

“एक.”

तिचा चेहरा एकदम खुलला. मग स्वतःचीच लाज वाटून ती हसली.

“बघ ना, अजून जात नाही मेली जळजळ.”