गाडीच्या वालाने आणलेलं विमान

हसायचं असेल तर चहा खाली ठेवा आणि आत्ताच हसून घ्या. कारण मी जे सांगणार आहे, ते घडत होतं तेव्हा मला हसू सोडा, थुंकी गिळता येत नव्हती!

एकाहत्तर साल. लढाई सुरू झालेली. आम्ही तेव्हा जळगावला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, संध्याकाळ झाली की दिवे बंद, आणि जो तो दुसऱ्याला विचारतोय, "इथे बॉम्ब पडेल का हो?" आमच्या गल्लीने तर हिशेबच मांडला होता. वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना, भुसावळला रेल्वे, आणि नेम जरासा चुकला की आपण!

मी जात्याच भित्रा. घरात पाल निघाली तर झाडू सुमनने घ्यायचा आणि मी कॉटवर उभं राहून पाल कुठे आहे ते सांगायचं, अशी आमची वाटणी होती. सुमन म्हणजे माझी बायको. तर असा मी, आणि गल्लीचा वॉर्डन कोण? मीच! का, तर शाळेत कवायत घ्यायचो म्हणून माझ्याकडे शिट्टी होती. दंडावर पट्टी बांधली, झाला वॉर्डन.

मी सगळ्यांना बसवून शिकवलं. नगरपालिकेचा भोंगा खाली-वर, खाली-वर असा रडायला लागला, की विमान आलं. गल्लीमागच्या मैदानात खंदक खणलाय, त्यात उड्या टाकायच्या. भोंगा एकसुरी वाजला, की धोका टळला. पाठ झालं? झालं!

आता गाडीकडे येतो. माझ्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. एका डॉक्टरांनी कंटाळून दिलेली आणि मी हौसेने घेतलेली. तिचं आयुष्य अंगणातच चाललं होतं. पण नेमकी त्याच वेळी तिची गरज पडली. सुमनला आठवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण, धुळ्याला माहेरी व्हायचं. तिचे वडील, म्हणजे नाना, रोज निरोप धाडत होते, "पोरीला तिथे बॉम्बच्या तोंडी कशाला ठेवलीय? आणून सोडा!" एस्टीचे धक्के नकोत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणजे मोटार. आणि मोटार अशी धूर सोडायची, की मागून येणारा सायकलवाला दिसेनासा व्हायचा.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, श्वासाचा वाल गेलाय. आतला पडदा फाटला."

मी घरी येऊन हे सांगितलं, तर सुमन म्हणते, "वाल? उसळीचे?"

"अगं, इंजिनलासुद्धा श्वास सोडावा लागतो. त्यासाठी एक गोल डबी असते, तिला वाल म्हणतात. आत रबराचा पडदा असतो."

नवा वाल मुंबईहून यायचा, आणि लढाईत मुंबईहून काय येणार? शेवटी भुसावळच्या भंगारात तसलाच एक मिळाला. पण त्याचाही पडदा कडक होऊन तडकलेला. म्हटलं, घाबरायचं काय? मी शाळेत विज्ञान शिकवतो! रबर हवंय ना? घरात रबर होतं. सुमनची कंबर शेकायची गरम पाण्याची पिशवी.

हो, कापली! बोलू नका, तुमच्या वाटचं सगळं ती बोलून झालीय.

तर रविवारी सकाळी मी अंगणात बसलो. पिशवीतून गोल पडदा कापला, डबीत बसवला, झाकण आवळलं, इंजिनवर चढवलं. सगळं झाल्यावर पाहतो, तर बशीत एक बारीकशी स्प्रिंग उरलेली. आता मला सांगा, यंत्र खोललं आणि जोडलं, आणि काही उरलं नाही, असं कधी झालंय का? म्हटलं, विलायती लोक जरा जास्तीचंच घालतात. बशी ओट्यावर ठेवली आणि किल्ली फिरवली.

काय सुरू झाली हो! धूर नाही, खडखड नाही. "सुमन, उद्या धुळे!" असं ओरडलो, गाडी जरा गरम होऊ दे म्हणून तशीच चालू ठेवली आणि मागच्या मोरीत हात धुवायला गेलो. हातभर साबण, आणि...

ऊंऊंऊं... ऊंऊं... ऊंऊंऊं!

खाली-वर. खाली-वर.

साबणाच्या हातांनीच शिट्टी तोंडात धरली आणि धावलो. "सुमन! विमान! चल!"

सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला नाही त्या खड्ड्यात उतरता यायचं. तुम्ही लोकांना बघा."

म्हटलं, लोकांना खंदकात घालतो आणि हिला घ्यायला परत येतो. खरंच तसं ठरवलं होतं हो! मागच्या दाराने बाहेर पडलो. पाहतो तर शेजारच्या अक्का परसात तुरकाठ्या पेटवून भरताची वांगी भाजतायत. धूर आभाळापर्यंत! म्हणजे विमानाला बोट दाखवून पत्ताच सांगितला की!

मी कोपऱ्यातली बादली उचलली आणि ओतली.

"अरे भाऊ! मन्हं भरीत!"

"अक्का, विमान आलंय! खंदकात चला!"

"कोठे शे इमान? दिखस का तुले?" अक्कांनी कपाळावर हात धरून आभाळ पाहिलं. "माले खड्डामा कसाले उतारस?"

पण भोंगा पुन्हा वर चढला, आणि अक्काही निघाल्या, एक ओलं वांगं हातात धरून. पलीकडून कापडवाले शेठजी आले. एका गालाला साबण, दुसरा गाल गुळगुळीत. बघता बघता सगळी गल्ली खंदकाशी. वॉर्डनने काय करायचं असतं? सगळे उतरले की शेवटी उतरायचं. हे मीच शिकवलं होतं.

आणि सगळ्यात आधी उडी मी टाकली.

त्यानंतरचं सांगताना आजही हसू येत नाही. मी तिथे मातीत तोंड खुपसून पडलो होतो. भोंगा वर चढला की वाटायचं, आता पडणार. खाली उतरला की वाटायचं, पडला, आमच्याच घरावर पडला. सुमन आत आहे. बाळ आहे. ऊठ, जा, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि पाय माझे नव्हतेच! शिट्टी दातांत होती आणि दात वाजत होते, म्हणून शिट्टीसुद्धा आपोआप बारीक बारीक वाजत होती.

"वॉर्डनसाब," शेठजी कुजबुजले, "दाढी सुकायला लागली. कितना टाइम?"

तेवढ्यात भोंगा थांबला. मधेच, गळा दाबल्यासारखा थांबला.

एकसुरी वाजलाच नाही! म्हणजे धोका टळलेला नाही. मग थांबला का? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी किंचाळलो, "नगरपालिकेवरच बॉम्ब पडला!"

झालं! रडारड सुरू झाली. शेठजींनी नवकार मंत्र म्हणायला घेतला. अक्का रामराम म्हणता म्हणता मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "पण भाऊ, आवाज कसा नही उना?"

इतक्यात खंदकाच्या काठावर दोन पावलं दिसली. वर पाहिलं. एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात बशी घेऊन सुमन उभी होती.

"ही स्प्रिंग तुमची आहे का?" तिने विचारलं. "गाडी अंगणात केव्हाची भोकाड पसरून बसली होती. किल्ली काढली, तेव्हा गप्प झाली."

मग अक्कांनी हातातलं वांगं माझ्याकडे केलं. "ले भाऊ. बठ्ठं भरीत वाया गयं. आते हाई तूच खाय."

स्प्रिंग नसली की तो पडदा वाऱ्यात फडफडतो आणि इंजिन असं हेल काढून रडतं, हे मला नंतर कळलं. ती जागच्या जागी बसवली आणि गाडी गाय झाली. पण दोन दिवस गल्लीत तोंड वर करता येईना. शेठजी दिसले की आभाळाकडे बघायचे.

मग सुमनला घेऊन निघालो. पारोळ्याला चहा घेतला, दुपारी सुखरूप धुळ्याला पोचलो. वाटेत मी तिला एकच विनवत होतो, "नानांना सांगू नकोस गं." सासुरवाडीत तरी माझी वॉर्डनची अब्रू शाबूत राहू दे, एवढंच मागणं होतं. तिने हसून मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

नानांनी ओसरीवर बसवलं. "काय जावईबापू, तुम्ही वॉर्डन म्हणे! भीती नाही वाटत?"

"छे!" मी बशीत चहा ओतत म्हणालो. "डोकं शांत ठेवलं की..."

ऊंऊंऊं... ऊंऊं... ऊंऊंऊं!

बशी सुटली. "स्प्रिंग!" असं ओरडून मी जो सुटलो, तो थेट रस्त्यावर उभ्या मोटारीकडे! बॉनेट उघडलं आणि वालावर दोन्ही तळहात दाबून धरले. इंजिन थंडगार. भोंगा आपला चालूच. आणखी दाबले. आणखी चालू!

मागे वळून पाहिलं, तर सगळं घर अंगणातल्या खंदकात. सुमनलासुद्धा चौघींनी अलगद उतरवून घेतलेलं. धुळ्याच्या रस्त्यावर, आभाळाखाली, एकटा मी.

"अहो जावईबापू!" नाना खंदकातून ओरडत होते. "खरा भोंगा आहे! इकडे या! गाडीत काय करताय?"

आणि खंदकातून सुमनचा शांत आवाज आला, "राहू द्या नाना. ते वॉर्डन आहेत ना, भोंगा बंद करतायत."