डाव्या पिळाचं गवत

आमच्या गावाखालून जाम नदी जाते. मी जन्मभर लोकांच्या संत्र्याच्या बगिच्यात राबलो, पण नदीत टोपली लावणं कधी सोडलं नाही. टोपली म्हणजे बांबूच्या काड्यांची, लांबट. तोंडाशी काड्या आत वळवलेल्या, मासोळी शिरते पण मागं फिरत नाही. टोपलीच्या बुडाला एक भोक ठेवतात, ते गवताच्या पिळानं बंद करायचं. मासोळी काढायची असली की पीळ उपसायचा, काढून झाली की पुन्हा कोंबायचा.

आमच्यात एक रीत आहे. टोपली ज्याची, हात त्याचाच. आत मासोळी फडफडताना दिसली तरी दुसऱ्यानं उचलायची नाही. माझा मैतर वारला तेव्हा त्याची टोपली नदीत तशीच होती. तिला कोणी हात लावला नाही. पुरानंच नेली. मग त्याच्या बायकोनं स्वतः बांबू चिरून नवी विणली. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाऊजी. घराला घर लागून आहे आमचं.

गेल्या काही वर्षांत वरच्या अंगाला स्टॉप डॅम झाला आणि नदीची धार सरकली. वहिनीनं हे आधी ओळखलं. मला म्हणाली, "भाऊजी, तुमची जागा आता मेली. पाणी तिकडून नाही चालत. त्या जांभळाच्या मुळाशी लावून पाहा."

मी चार माणसांत म्हणालो, "टोपली विणता आली म्हणून नदी समजत नाही, वहिनी. माझ्या बापानं लावली तिथंच मी लावीन."

ती हसली. "लावा मग. बापाले सांगा मासोळी पाठवाले."

लोक हसले, आणि ते मला झोंबलं. तेव्हापासून जांभळाच्या मुळाशी तिची टोपली भरायची आणि माझ्या टोपलीत पाला. तरी मी जागा बदलली नाही.

माझा पोरगा तिकडे रायगडात कंपनीत आहे. त्यानं तिथलीच मुलगी केली, समुद्रावर मासेमारी करणाऱ्याच्या घरची. तिचा बाप माझा व्याही, आम्ही इवाई म्हणतो. दिवाळीनंतर तो पहिल्यांदा आमच्याकडे येणार होता. फोनवर मी त्याला म्हणून बसलो, "तुमची मासोळी खारी, इवाईबुवा. एकदा आमच्या जामची मरळ खा. माझ्या टोपलीतली."

तो सौंसरच्या बसस्टँडवर उतरला तेव्हा माझी टोपली सलग तीन दिवस रिकामी होती. बायको म्हणाली, "बाजारातून आणा ना एक किलो. कोण पाहाले येऊन राहिलं?"

"बाजाराची मासोळी पाहुण्याले? इज्जत हाय का नाही काही?"

"इज्जत शिजवू का मग?"

सकाळी व्याही ओसरीत चहा पीत होता. मी आलोच म्हणून नदीवर गेलो. माझी टोपली उचलली. पाला. जांभळाच्या मुळाशी पाहिलं तर वहिनीच्या टोपलीत हातभर मरळ. मला ठाऊक होतं, ती कुणासाठी लावली होती. तिची पोरगी बाळंतपणाला आली होती, बाळ आठ दिवसांचं होतं. मरळीचं पाणी पाजलं की अंगावर दूध येतं म्हणून वहिनी रोज सकाळी भाकरी आटोपून नदीवर जायची.

मी इकडं-तिकडं पाहिलं. पीळ उपसला तो तुटला. मरळ काढली, नवं गवत पिळून भोकात कोंबलं आणि घरी आलो.

व्याही ओसरीतून उठला. "वा! तुमच्या टोपलीतली?"

"मग काय लोकाच्या?" मी म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो, की बायकोनं चुलीपासून मान वर केली.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. आमच्याकडे पाहुणा आला की शेजारचं घर भाकरी पाठवतं. वहिनी स्वतः घेऊन आली. तिची नजर माझ्या ताटातल्या मरळीच्या डोक्यावर गेली, मग माझ्या डाव्या हातावर.

मी डावखुरा आहे. गवत पिळतो ते उलट्या अंगानं. अख्ख्या गावात तसा पीळ दुसऱ्या कुणाचा नाही. जेवतो तेवढा उजव्यानं, बापानं मारून शिकवलं म्हणून. घाईत टोपलीचं भोक बंद करताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती नदीवरून येऊनच भाकऱ्या घेऊन आली होती, पायांना चिखल तसाच होता.

व्याही बोलका माणूस. म्हणाला, "बसा ना, वहिनी. तुमच्या भाऊजींचं नशीब मोठं. आम्ही समुद्रात खांब रोवून जाळं बांधतो. खांबाची जागा बापाकडून पोराकडे येते. दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावला ना, तर त्या माणसाच्या होडीत कोणी चढत नाही. पोरीला स्थळ येत नाही. तुमच्याकडे कसं? टोपल्या तर उघड्याच पडलेल्या असतात. उचलतं का कोणी?"

माझी इज्जत आता त्या बाईच्या तोंडात होती.

ती म्हणाली, "नाही जी. आमच्या इकडं असं कोणी नाही करत." मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पाहुण्याले पुरली ना, भाऊजी?"

"पुरली," मी म्हणालो.

ती गेली. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं येत होतं. रोजच यायचं, त्या दिवशी मात्र मला थांबेचना असं वाटलं. बायकोनं मला पुन्हा वाढलं नाही. मी मागितलंही नाही.

दोन दिवसांनी व्याही गेला. त्याला बसमध्ये बसवून मी सौंसरच्या बाजारात गेलो आणि जन्मात पहिल्यांदा मरळ विकत घेतली. प्लास्टिकच्या पारदर्शक पन्नीत बांधून मिळाली. पिशवीत लपवता आली असती. नाही लपवली. गावातून हातात धरून चाललो. पारावरचा एक जण ओरडला, "काहून बा, जाम आटली का?" मी चालत राहिलो.

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती. मी पन्नी पुढं केली. "बाळंतिणीले."

तिनं घेतली. "बाजाराची दिसून राहिली."

"हो."

मला पुढचं बोलायचं होतं. चुकलो, एवढा एकच शब्द. तो काही निघाला नाही. तिच्या भिंतीला टोपली टेकवलेली होती. बुडाला माझा पीळ तसाच, वाळून पिवळा पडलेला. तिनं तो काढला नव्हता, टोपली नदीत परत लावलीही नव्हती.

"तेवढं गवत काढून न्या, भाऊजी," ती म्हणाली. "तुमचं हाय."

मी उकिडवा बसलो आणि तिच्यासमोर तो पीळ उपसला. घट्ट बसला होता. नखं लावावी लागली. ती तांदूळ निवडत राहिली. पीळ मुठीत घेऊन मी उठलो आणि विचारलं, "माझी टोपली कुठं लावू?"

तिनं वर पाहिलं नाही. "जांभळाच्या खाली. माझ्यापासून दहा पावलं सोडून."

तिथंच लावतो आता. पहिली मरळ तिच्या घरी दिली. तिनं निम्मी ठेवून निम्मी परत पाठवली.

व्याह्याचा फोन येतो. दर खेपेला विचारतो, "काय, तुमच्या टोपलीतली मरळ पुन्हा कधी?" चोरी सांगायला तोंड उघडतो आणि मिटतो. मागच्या वेळी एवढंच म्हणालो, "ते मरळ माझ्या टोपलीतली नव्हती, इवाईबुवा."

मग कुणाची, ते त्यानं विचारलं नाही. माझ्या बायकोच्या तब्येतीचं विचारलं.