सगळ्यांत शेवटची सुई

डायलिसिसला चार तास लागतात, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माझ्या बाबांना ते चार तास पुरे मिळत नाहीत. त्यात कुणी खलनायक असता तर बरं झालं असतं, त्याच्या अंगावर धावून तरी जाता आलं असतं.

आम्ही दिघीच्या बाजूचे आणि डायलिसिसचं सेंटर खाडीपलीकडे. आसपासचे तीन पेशंट मिळून एक व्हॅन केली आहे. एक आमचे बाबा, दुसरे बाजारात किराणा दुकान चालवणारे चाचा आणि तिसरी वरच्या वाडीतली एक मावशी. मी सोबतीला. व्हॅन फेरीबोटीवर चढते, आगरदांड्याला उतरते आणि तिथून पुढे सेंटर. संध्याकाळची शेवटची बोट चुकली की म्हसळ्यावरून सगळ्या खाडीला वळसा. ड्रायव्हर तो वळसा आम्हाला सारखा ऐकवतो. बाबांसाठी वेगळी गाडी मी शोधून पाहिली. आठवड्यातून तीनदा, दिवसभर थांबून, असं यायला कुणी तयार नाही.

सेंटर तसं स्वच्छ आहे. एसी इतका की बाबांना दोन चादरी लागतात. किडनीचे डॉक्टर पनवेलहून येतात, पण आमचा वार धरून क्वचितच. बाकी सगळा कारभार एक टेक्निशियन आणि एक सिस्टर यांच्यावर. उपचार सरकारी योजनेतून फुकट, त्यामुळे तक्रार करणारा आपोआपच कृतघ्न ठरतो.

बाबांच्या हातातली शीर अवघड आहे. सुई घातली की सरकते, फुगते, पुन्हा काढावी लागते. म्हणून टेक्निशियन पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "काकांना शेवटी घेतो. त्यांना निवांत लावायला लागतं." मला ते कौतुकाचं वाटलं. आपल्या बाबांकडे किती लक्ष देतो हा मुलगा! तेव्हापासून आधी चाचांना लावतात, मग मावशीला. तोवर दुसरीकडचं कुठलं तरी मशीन ओरडतं, तिकडे धावपळ होते आणि मग बाबांची पाळी. पण सुटायची वेळ मात्र तिघांची एकच. चाचा आणि मावशी चपला घालून दाराशी आले की टेक्निशियन विचारतो, "काका, काढू?" आणि बाबा मान हलवतात. मशीनवर उरलेला वेळ दिसत असतो. तो कुणी बघत नाही. मीही कितीतरी दिवस बघितला नव्हता, कारण बोट गाठायची घाई मलाही असायचीच.

हळूहळू बाबांचे पाय सुजले. सकाळी चेहरा असा सुजलेला की आरशात स्वतःलाच बघून मान फिरवायचे. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायचे. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "पाणी कमी द्या." अहो, किती कमी? माणूस चूळ भरूनसुद्धा माझ्याकडे चोरट्यासारखा बघायचा, गिळलं नाही हे दाखवायला.

मग एकदा डॉक्टर आमच्या वाराला आले. बाबांच्या पायावर अंगठा दाबला, खळगा पडला तो तसाच राहिला. "वेळ पूर्ण करताय ना?" त्यांनी विचारलं. टेक्निशियन माझ्याकडे बघायला लागला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अंगातलं पाणी फुफ्फुसात साठतंय, हृदय थकत चाललंय, असंच चालू राहिलं तर फार दिवस नाहीत.

मी टेक्निशियनला म्हटलं, पुढच्या वारापासून बाबांना पहिलं लावायचं. तो बिचारा कळवळून म्हणाला, "ताई, त्यांची शीर मिळेपर्यंत बाकीच्या दोघांचा वेळ जाईल. मग त्यांचं कोण बघणार?" खरंच होतं. माझं डोकं फिरलं. पुढच्या वारी निघायची वेळ होऊनही मी बाबांना उठू दिलं नाही. दारात उभी राहिले आणि सांगितलं, चार तास झाल्याशिवाय कुणी सुईला हात लावायचा नाही.

सगळे थांबले. चाचांनी कोपऱ्यात नमाज पढून घेतली. मावशीचं बीपी उतरलेलं, ती बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली. बोट गेली. म्हसळ्याच्या वळणांवर मावशीला उलट्या सुरू झाल्या आणि घर येईपर्यंत थांबल्या नाहीत. मी तिची पाठ चोळत होते तर तीच मला म्हणाली, "असू दे गो बाय, बापासाठी करतेस." तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा गादीवर चक्क आडवे होऊन झोपले. उठल्यावर भाकरी मागितली. मी चुलीपाशी बसून रडले. म्हणजे इलाज होता. हातात होता.

त्यानंतरच्या वारी चाचा-मावशी दाराशी आले, आणि टेक्निशियनने विचारायच्या आतच बाबांनी हात वर केला. "काढ रे."

"बाबा, अजून तासभर आहे."

"म्हातारीचे हाल बघितलेस ना तू?" जन्मभर एसटीत कंडक्टरी केलेला माणूस. आपल्यापायी गाडी थांबली याच्याइतकी लाज त्यांना दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मी सगळ्यांसमोर ओरडले, "मरायचंय का तुम्हाला?"

"मरेन तवा मरेन," ते म्हणाले. "माझ्यापायी लोकांचा खोळंबा न्हाय करायचा." टेक्निशियनने माझ्याकडे न बघता पंप बंद केला.

बोटीवर चाचांनी पुढची सीट बाबांना दिली. ड्रायव्हरने वारा येईल अशी व्हॅन लावली. मावशी मागून वाकून पदराने वारा घालत राहिली. चाचांनीच बाबांच्या पाठीला स्वतःची शाल लावली. बाबा एकेकाला हात जोडत होते. त्यांच्या छातीतली घरघर मला बोटीच्या इंजिनावरही ऐकू येत होती, आणि त्यांना इतकं जपणाऱ्या त्या माणसांपैकी एकानेही, पुढच्या वारी थांबू, असं म्हटलं नाही.